मामाचे अनेकवचन

मराठीच्या मास्तराने संगणकावर लेख लिहायचा म्हणजे भजनीबुवांनी क्रिकेटची कॉमेंट्री करण्यापैकी आहे, हे मला कबूल आहे. गेली एकवीस वर्षे मी कॉलेजात विभक्ती, समास आणि संतवाङ्मय शिकवतो. घरातले एखादे यंत्र बिघडले की ते पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात नेऊन द्यायचे, एवढाच माझा यंत्रविद्येशी संबंध. तरीही यंदा फराळाच्या ताटाबरोबर मी वाचकांपुढे जी गोष्ट ठेवणार आहे ती संगणकाची आहे. कारण ती मुळात व्याकरणाची निघाली. आणि व्याकरणावरून ती अशा ठिकाणी जाऊन पोहोचली की, तिथे मला माझीच एक चूक भेटली.

झाले असे. आमची कन्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणपती उठले आणि तिची तोंडी परीक्षा आली. एका रात्री जेवणे आटोपल्यावर ती वही घेऊन माझ्यासमोर बसली.

“बाबा, मी बोलते, तुम्ही नुसतं ऐका. जिथं कळणार नाही तिथं थांबवा.”

“मला यातलं काय कळणार?”

“म्हणूनच तर! तुम्हांला कळलं म्हणजे एक्स्टर्नलला कळेलच.”

लेकीने बापाचा असा गौरव केल्यावर नाही कसे म्हणणार? मी चष्मा पुसून सज्ज झालो.

तिचा विषय होता ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग. मला उमगले ते एवढे. जुन्या रीतीच्या प्रोग्रॅममध्ये माहिती एकीकडे आणि त्या माहितीवर करायच्या क्रिया दुसरीकडे, असा दोन चुलींचा संसार असे. या रीतीत दोन्ही एका गाठोड्यात बांधतात. त्या गाठोड्याला म्हणायचे ऑब्जेक्ट. त्याच्यापाशी स्वतःची माहिती असते आणि त्याला काही कामे करता येतात. आपण काम सांगायचे, ते कसे करायचे हे त्याचे त्याने पाहायचे. एका प्रकारच्या सगळ्या ऑब्जेक्टांचे वर्णन एकदाच लिहून ठेवतात, ते वर्णन म्हणजे क्लास.

“आता इन्हेरिटन्स. म्हणजे वारसा,” ती म्हणाली. “एका क्लासवरून दुसरा काढायचा. पहिला पेरेंट, दुसरा चाइल्ड. पेरेंटचं सगळं चाइल्डला मिळतं. वर तो आपलं काही वाढवू शकतो, किंवा पेरेंटची एखादी रीत बाजूला ठेवून आपली रीत घालू शकतो.”

इथे मी हात वर केला. वारसा म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे सातबारा उभा राहतो. चार भावांत जमीन वाटली तर प्रत्येकाला पाव हिस्सा. इथे बापाचे काडीइतके कमी होत नाही, आणि दहा मुले असली तरी प्रत्येकाला सगळेच्या सगळे! असा वारसा कोणत्या कोर्टात मिळतो? त्यावर कडी म्हणजे, चाइल्ड क्लासचा ऑब्जेक्ट हा पेरेंट क्लासचाही ऑब्जेक्ट ‘असतोच’, असे ती म्हणाली. म्हणजे मुलगा हाच बाप की काय?

“बाबा, नातं विसरा. आंबा हे फळ आहे ना? तसं हे.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे नाते बापलेकांचे नव्हेच; सामान्य आणि विशेष यांचे आहे. आंबा हे फळ आहे, म्हणून फळाविषयी जे जे सांगितले ते आंब्याविषयी पुन्हा सांगावे लागत नाही. उलट प्रत्येक फळ काही आंबा नसते. फळाच्या वर्णनात चूक राहिली तर ती आंबा, पेरू, सीताफळ सगळ्यांत उतरते. तेवढ्यापुरता मात्र ‘वारसा’ हा शब्द आपल्या अनुभवाला धरून आहे.

आता माझ्यातला वैयाकरण जागा झाला. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत. ती इतकी आखूड असण्याचे एक कारण म्हणजे अनुवृत्ती. आधीच्या सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रांत पुन्हा उच्चारायचा नाही. तो आपोआप चालत येतो. दुसरी युक्ती उत्सर्ग आणि अपवाद यांची. आधी सर्वांना लागू पडणारा नियम सांगायचा, मग जिथे वेगळे घडते तिथला अपवाद. आणि अपवाद आपल्या हद्दीत सामान्य नियमाला मागे सारतो. यावरून पाणिनीला संगणक ठाऊक होता असा निष्कर्ष कोणी काढू नये. असल्या निष्कर्षांचा आपल्याकडे तुटवडा नाही. थोडक्यात पुष्कळ सांगायची निकड लागली की माणसाची बुद्धी कोणत्या वाटेने जाते, एवढेच यावरून दिसते.

“मग मराठीतलंच उदाहरण घे,” मी म्हणालो. “आकारान्त पुल्लिंगी नामाचं अनेकवचन एकारान्त होतं. आंबा–आंबे, रस्ता–रस्ते, घोडा–घोडे. पण मामा?”

“मामा–मामा.”

“काका, दादा, आजोबा यांचंही तसंच.”

यात एक गंमत आहे. नात्याचे सगळेच शब्द असे ताठ नाहीत. भाचा–भाचे, चुलता–चुलते, सासरा–सासरे, हे निमूटपणे वाकतात. ज्या शब्दांनी आपण हाक मारतो ते वाकत नाहीत. ‘अहो चुलता’ अशी हाक कोणी मारत नाही, म्हणून चुलत्याला नियम लागतो. ‘अहो काका’ म्हणतो, म्हणून काका नियमाला जुमानत नाहीत.

कन्येने लॅपटॉप उघडला आणि जावा नावाच्या भाषेत हे सगळे दहा मिनिटांत लिहून काढले. ‘नाम’ हा पेरेंट क्लास. त्याला एक काम येते, अनेकवचन सांगणे, आणि त्याची रीत ‘आ’चा ‘ए’ करण्याची. ‘हाकेचे नाम’ हा चाइल्ड क्लास. त्याने अनेकवचनाची रीत बदलली, आहे तसेच राहायचे. शिवाय त्याला एक जादा काम येते, ‘अहो’ लावून हाक मारण्याचे. मग तिने एक यादी केली. यादीवर लिहिले, ‘इथे फक्त नामे बसतील’, आणि तीत आंबा, रस्ता व मामा यांना ओळीने बसवले.

“मामाला असं नुसतं ‘नाम’ म्हणून बसवलं ना, याला म्हणतात अपकास्टिंग.”

वंशावळीत मूळ पुरुष वर आणि वंशज खाली काढतात. यांच्या आकृतीतही पेरेंट वर आणि चाइल्ड खाली. म्हणून चाइल्डकडे पेरेंटच्या नावाने पाहायचे ते ‘वर’ जाणे.

“पण मग मामाचा मामेपणा गेला की!” मी म्हटले.

“नाही ना! सगळे इथंच चुकतात. मामा तसाच्या तसा आहे. तुम्ही त्याला कोणत्या नावानं बघता तेवढं बदललं.”

तिने बोटे मोडून तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, वस्तू बदलत नाही. दुसरी, दृष्टी अरुंद होते: यादीतल्या मामाला ‘अहो लावून हाक मार’ असे सांगता येत नाही, कारण यादीला ठाऊक आहेत ती फक्त नामे, आणि हे काम प्रत्येक नामाला येते असे नाही. प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच भाषा अडवते. तिसरी गोष्ट मोलाची: जे काम सर्वांना येते ते सांगितले, तर प्रत्येक जण ते आपल्याच रीतीने करतो. तिने यादीला एकच प्रश्न विचारला, ‘अनेकवचन सांग’. पडद्यावर ओळीने उत्तरे आली: आंबे, रस्ते, मामा.

विचारणाऱ्याला कोण आंबा आणि कोण मामा हे माहीत नव्हते. माहीत असण्याची गरजही नव्हती. उद्या तिसऱ्याच तऱ्हेच्या नामाचा क्लास कोणी लिहिला, तरी यादीला प्रश्न विचारणारी ओळ बदलावी लागणार नाही. या विद्येचे सारे बळ इथे आहे.

ही कल्पना निघाली नॉर्वेत. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड हे दोघे, खऱ्या जगातल्या घडामोडींची नक्कल संगणकावर कशी उतरवावी, या खटपटीत होते. रांगा, वाहने, यंत्रे असली त्यांची उदाहरणे. त्यांतले एक उदाहरण आपल्याला फार जवळचे आहे: पुलावरचा टोलनाका आणि त्यापुढे लागलेली ट्रकांची व बसगाड्यांची रांग. ट्रक आणि बस यांच्यांत पुष्कळसे सारखे आणि काही वेगळे. दोघांची वर्णने स्वतंत्र लिहिली तर सारखे तेवढे दोनदा लिहावे लागते. इंग्रज शास्त्रज्ञ टोनी होअर यांनी अशाच अंगाने काही विचार मांडले होते, त्यांचाही उपयोग झाला. अखेर सामाईक वर्णन एकदा लिहून त्यावरून पोटवर्ग काढण्याची युक्ती त्यांना सापडली, आणि क्लास व सबक्लास यांवरचा निबंध त्यांनी १९६७ च्या मे महिन्यात ऑस्लोतल्या एका परिषदेत वाचला. त्या भाषेचे नाव सिम्युला ६७. या कामाबद्दल दोघांना २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि पुढच्याच वर्षी, काही आठवड्यांच्या अंतराने, दोघेही गेले.

टोलनाक्याच्या खिडकीतल्या माणसाला समोर येते ते फक्त ‘वाहन’. ‘तुझा दर काय?’ हा त्याचा एकच प्रश्न. ट्रक ट्रकचा दर सांगतो, बस बसचा. मामाच्या यादीत आणि या रांगेत काहीच फरक नाही.

हे सगळे सुरळीत चालते ते एका अटीवर. पेरेंटच्या नावावर वावरणाऱ्या चाइल्डने पेरेंटचा शब्द पाळला पाहिजे. ही अट नीट मांडली अमेरिकेतल्या बार्बरा लिस्कोव्ह या विदुषीने, १९८७ च्या एका व्याख्यानात, आणि पुढे १९९४ साली जॅनेट विंग यांच्यासह लिहिलेल्या निबंधात. २००८ सालचा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. भूमितीत चौरस हा आयतच असतो. पण ‘माझी लांबी बदलली तरी रुंदी तीच राहील’ असा आयताचा शब्द असेल, तर तो चौरसाला पाळता येत नाही. लांबीबरोबर त्याची रुंदी बदलतेच. म्हणून भूमितीत शोभणारे नाते प्रोग्रॅममध्ये शोभेलच असे नाही. कुळाचे नाव लावले म्हणून कुळाचार आला असे होत नाही, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

“आता खरी मजा,” कन्या म्हणाली. “हेच सी प्लस प्लसमध्ये लिहिते.”

ही भाषा ब्यार्न स्ट्रॉस्ट्रप या डॅनिश गृहस्थांची. केंब्रिजला डॉक्टरेट करताना त्यांनी सिम्युला वापरली होती. तिचे क्लास त्यांना आवडले, पण तिचा संथपणा सोसेना. १९७९ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये त्यांनी सी या चपळ भाषेला क्लास जोडायला सुरुवात केली. चपळाईचे व्रत असल्यामुळे त्यांचा दंडक असा, की जे मागितले नाही त्याची किंमत मोजायला लावायची नाही. चाइल्डने आपल्या रीतीने उत्तर द्यावे असे वाटत असेल तर पेरेंटमध्ये त्या कामापुढे ‘व्हर्च्युअल’ हा शब्द लिहावा लागतो. तो लिहिला की प्रत्येक ऑब्जेक्टच्या पोटात एक गुप्त चिठ्ठी ठेवली जाते: ‘माझ्या रीती अमुक तक्त्यात पाहा.’ प्रश्न आला की आधी चिठ्ठी वाचायची, मग तक्ता पाहायचा, मग उत्तर. जावामध्ये सर्वसाधारण कामांना हे न मागता मिळते.

कन्येने मुद्दामच तो शब्द लिहिला नाही. मामाला ‘नाम’ म्हणून बोलावले आणि अनेकवचन विचारले.

“मामे!” तिने पडद्यावरचे मोठ्याने वाचले.

तोच आतल्या खोलीतून आवाज आला, “मामे नाही गं, मामा! मामेभाऊ असतात, मामे नसतात!”

आई जागीच होती. आम्ही दोघे हसलो. तिच्या उजव्या कानाला अजून काडीमात्र चूक सुटत नाही.

कन्येने ‘व्हर्च्युअल’ घातले. उत्तर सुधारले, ‘मामा’. “आता याहून वाईट दाखवते,” म्हणून तिने एकच खूण पुसली. आधी मामाचा पत्ता दिला जात होता. आता मामाची नक्कल ‘नाम’ नावाच्या डब्यात भरली गेली. ‘व्हर्च्युअल’ होते, चिठ्ठीची सोय होती, तरी उत्तर आले, ‘मामे’.

“असं का?”

“डबा नामाच्या मापाचा. मामाचं जेवढं त्यात मावलं तेवढंच घेतलं, बाकी कापून टाकलं. चिठ्ठीसुद्धा नामाचीच लागली. याला स्लायसिंग म्हणतात. आता हा मामा नाहीच, बाबा. खरा मामा तिकडं शाबूत आहे. पण आपण बोलतोय ते याच्याशी.”

तिने आणखी एक सांगितले. वर नेलेल्याला पुन्हा खाली आणता येते, ते डाउनकास्टिंग. ‘हे नाम खरे तर मामा आहे ना?’ असे विचारून पाहायचे. पत्ता हाती असेल आणि तिथे खरोखर मामा असेल, तर मामा परत मिळतो. आंब्याला मामा म्हटलेत तर जावा प्रोग्रॅम चालता चालता तक्रार करते. पण कापलेल्या नकलेतून मामा परत मिळत नाही. जे डब्यात आलेच नाही, ते डब्यातून काढणार कसे?

ती पुढच्या प्रश्नाकडे वळली. मी मात्र तिथेच राहिलो. मला श्रावण आठवला.

यंदा श्रावणात आईला न्यूमोनिया झाला. वय ७६. रात्रीच धावपळ करून तिला एका इस्पितळात ठेवले. दाखल करतानाचा फॉर्म मी भरला. नाव, वय, लिंग, व्यवसाय. आईने ३२ वर्षे सातारा जिल्ह्यातल्या खेड्यांतून प्राथमिक शाळा चालवल्या. मी ‘व्यवसाय’ या शब्दापुढे आडवी रेघ ओढली. घाई होती, आणि आजारी म्हातारीच्या व्यवसायाशी कोणाला काय करायचे आहे, असेही मनात आले असावे. पंधरा वर्षांपासून तिला डाव्या कानाने मुळीच ऐकू येत नाही. त्याला फॉर्मात रकाना नव्हता. मलाही समासात लिहायचे सुचले नाही.

तिची कॉट अशी होती की येणाऱ्याजाणाऱ्याची बाजू डावी. तिसऱ्या दिवशी पाळी बदलली. नव्या माणसाने डावीकडून, मागच्या बाजूने काही विचारले; आईने उत्तर दिले नाही. कागदावर शेरा पडला: ‘गोंधळलेल्या. प्रश्न समजत नाहीत.’ पुढच्या पाळीने कागद वाचला. माणूस कॉटवर होता; पण कामे कागदाकडे पाहून चालली होती. रात्री तिने सलाइन ओढून काढू नये म्हणून तिचे दोन्ही हात पट्टीने कॉटला बांधले.

मी सकाळी गेलो. ती काही बोलली नाही. पट्टी पुरेल तेवढी मनगटे उचलून तिने मला दाखवली. मी आयुष्यात पुष्कळ करुणरसाची उदाहरणे शिकवली आहेत. ती सगळी त्या क्षणी पुस्तकी वाटली.

थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टर फेरीवर आला. वॉर्डातल्या प्रत्येकाला तो तेच तीन प्रश्न विचारत होता: नाव काय, आपण कुठे आहोत, आज वार कोणता? शेजारच्या कॉटवरच्या बाईंनी वार सांगितला तो ‘आमच्या गावच्या बाजाराचा’ असा. आईच्या कॉटपाशी तो कागद न पाहता सहज उजवीकडे येऊन, स्टूल ओढून बसला.

“आजी, आज वार कोणता?”

“शुक्रवार,” आई म्हणाली. “आणि बाळ, प्रश्न विचारताना समोर यावं. पाठीमागून विचारलं की मुलं गोंधळतात.”

डॉक्टरने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा कागदाकडे, आणि स्वतःच्या हाताने पट्ट्या सोडल्या.

त्यालाही ती शिक्षिका आहे हे ठाऊक नव्हते. त्याच्याही लेखी ती ‘पेशंट’च होती, वॉर्डातल्या वीसजणांतली एक. तो तिला वर नेऊन, एका मोठ्या नावाखाली पाहत होता. आणि तसे पाहिल्याशिवाय वॉर्ड चालायचा नाही, टोलनाका चालायचा नाही, माझा शंभर मुलांचा वर्गही चालायचा नाही. सामान्य नावाने हाक मारण्यात पाप नाही. पण त्याने प्रश्न तिला विचारला, आणि उत्तर तिच्या रीतीने येऊ दिले. कागदावर होती ती तिची कापलेली नक्कल. आणि त्या नकलेवरचा पहिला घाव माझ्या हातचा होता: एक आडवी रेघ.

“बाबा, लक्ष कुठं आहे? कळलं का?” कन्या विचारत होती.

“कळलं,” मी म्हणालो. “तुझ्या एक्स्टर्नललाही कळेल.”

परीक्षेत तिला नेमके स्लायसिंगच विचारले. तिने मामा आणि मामे यांचे उदाहरण दिले. परीक्षक हसले की नाही ते तिने सांगितले नाही; गुण बरे पडले.

पितृपक्षात आईला पुन्हा तपासणीला नेले. पुन्हा तोच फॉर्म. ‘व्यवसाय’ या शब्दापुढे मी लिहिले, ‘प्राथमिक शिक्षिका, निवृत्त’. आणि वरच्या कोऱ्या जागेत, रकाना नसताना, ठळक अक्षरांत लिहिले: ‘उजव्या बाजूला बसून बोलावे.’

आईने फॉर्म हातात घेऊन वाचला आणि परत दिला. म्हणाली, “ ‘शिक्षिका’मधला पहिला ‘शि’ ऱ्हस्वच काढलायस ना? डॉक्टरांसारखं लिहितोस, काही लागत नाही.”